काचेचं घर आणि करवंटीचा टेकू

कड्यावरच्या ह्या स्टेला, म्हणजे पाहुण्यांनी राहायच्या जागेला, तीन स्टार देतेय. त्यातले दोन मागच्या पडवीला आणि तिथल्या माणसांना, तिसरा समोरच्या समुद्राला, आणि समुद्र काही मालकाने बांधलेला नाही.

स्टेचं नाव लिहीत नाही. रत्नागिरीहून किनाऱ्याच्या रस्त्याने उत्तरेला निघालात की कड्यावर आपोआप दिसेल, कोकणात छपरावर धुराच्या चार चार चिमण्या असलेली घरं असून असून किती असणार. बाहेर मोठ्ठा बोर्ड आहे, 'अस्सल इंग्लिश कंट्री हाऊसचा अनुभव'. एका रात्रीचे साडेसात हजार, ब्रेकफास्ट धरून.

आता आम्ही तिथे गेलोच कसे ते सांगते. माझा भाचा नॉटिंगहॅमला असतो. चार वर्षांपूर्वी आम्ही दोघं त्याच्याकडे महिनाभर राहून आलो, तेव्हा एका रविवारी त्याने आम्हाला डर्बीशायरमधला हार्डविक हॉल, म्हणजे सोळाव्या शतकातलं एक भलंमोठं घर, दाखवायला नेलं. मी रत्नागिरीत एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ३१ वर्षं ड्राफ्ट्समन होते, ट्रेसिंग पेपर आणि रोट्रिंगच्या पेनापासून ऑटोकॅडपर्यंत सगळं केलंय, त्यामुळे मला अशा ठिकाणी नेलं की मी हरवते. त्या दिवशी मी आत सहा तास होते, आमचे हे तासाभरातच बाहेर येऊन बाकावर बसले आणि भाच्याला म्हणाले, तुझी मावशी आता खिडक्या मोजून झाल्याशिवाय येत नाही. तर यंदा ह्यांच्या पासष्टीला भाच्याने तिकडून ऑनलाईन ह्या स्टेचं बुकिंग करून पाठवलं, मावशी तुला हार्डविक आवडलं होतं ना, आता घरच्या घरी बघ. पोराचा हेतू सोन्यासारखा. म्हणून हा रिव्ह्यू त्याने वाचू नये असं मला वाटतं, पण वाचेलच.

मृग लागून चार दिवस झाले होते. आम्ही दुपारी दोनला पोचलो तेव्हा पाऊस नव्हता, नुसता उकाडा, अंगाला कपडे चिकटत होते. गेटातून आत शिरल्यावर समोर जे दिसलं त्याला आमच्या ऑफिसात सर 'सगळ्या भाज्यांची एक भाजी' म्हणायचे. मधे दोन मजली उंच जॉर्जियन पोर्टिको, म्हणजे दारापुढचा खांबांवरचा मंडप, पांढरे गोल खांब, वर त्रिकोणी पेडिमेंट. दोन्ही बाजूंना ट्युडर, म्हणजे पांढऱ्या भिंतीवर तपकिरी लाकडी पट्ट्या. छतावर कठडा असलेला पॅरापेट चॅट्सवर्थ नावाच्या इंग्लिश महालासारखा, आणि त्याच्या मागून डोकावणाऱ्या चिमण्या. ट्युडर घराणं १६०३ ला संपलं, पहिला जॉर्ज गादीवर आला १७१४ ला, मधे शंभरेक वर्षांची फट आहे, पण ती माहीत नसणं हा काही गुन्हा नाही आणि खुद्द इंग्रजांनीही व्हिक्टोरिया राणीच्या काळात भरपूर मिसळ केलेली आहे. माझा आक्षेप मिसळीला नाहीच. पोर्टिको वीस फूट उंच आणि भिंतीपुढे आलेला जेमतेम चार फूट, त्याच्याखाली गाडीतून उतरलो तरी जूनमध्ये भिजणारच, हा माझा आक्षेप आहे. पाऊस कोकणात वरून कमी आणि आडवा जास्त येतो, झड म्हणतात त्याला. आपला साधा पोर्च बघा, बुटका आणि पुढे आलेला असतो. उंच पोर्टिको बघायला, बुटका पोर्च वापरायला.

तपकिरी पट्ट्यांकडे मी जरा जवळ जाऊन बघितलं. फायबर सिमेंटच्या पट्ट्या, स्क्रूने ठोकलेल्या, आणि खाऱ्या हवेने प्रत्येक स्क्रूखाली गंजाचा एक ओघळ, काजळ उतरल्यासारखा. खऱ्या ट्युडर घरात ते लाकूड म्हणजे घराचा सांगाडा असतो, ओकचे जाड वासे एकमेकांत खाचा पाडून लाकडी खुंट्यांनी जखडलेले, आणि मधल्या चौकटी भरायच्या कशाने, तर काटक्या विणून त्यावर माती, शेण आणि गवत कालवून लिंपायचं. कळलं का? कूड! आमच्या आजोळी गोठ्याची भिंत अशीच होती, कारवीच्या काठ्या आणि वर शेणमातीचा गिलावा. चेशायरमध्ये लिटल मोरटन हॉल नावाचं एक घर आहे, १५०० नंतरच्या शंभरेक वर्षांत टप्प्याटप्प्याने वाढवलेलं, सगळं ह्याच पद्धतीचं. त्यांनी मागाहून वरच्या मजल्यावर लांबलचक गॅलरी चढवली, तिच्यावर दगडी फरशांचं जड छप्पर, त्या ओझ्याने खालचे मजले वाकले ते आजपर्यंत वाकडेच उभे आहेत, फोटो बघा, पत्त्याच्या बंगल्यासारखं दिसतं. पण उभं आहे, कारण लाकूड खरंच भार घेतंय. इथल्या पट्ट्या भार घेत नाहीत, नुसता पगार घेतात, असं हे म्हणाले.

मॅनेजर मुलगा फार गोड होता, टाय लावलेला, घामाघूम. त्याने सांगितलं, मॅडम हा मूळ ब्रिटिश साहेबाचा बंगला, १८९० चा, आम्ही फक्त रिस्टोअर केला. मी काही बोलले नाही. संध्याकाळी चक्कर मारताना मागच्या कोपऱ्यात जिथे क्लॅडिंग, म्हणजे वरचं आवरण, पडलंय तिथे चिरा, म्हणजे जांभ्याचा घडवलेला दगड, उघडा दिसला, त्यावर हात फिरवला. हाताने काढलेल्या चिऱ्यावर टिकावाचे आडवेतिडवे घाव असतात, एक चिरा दुसऱ्यासारखा नसतो. मशीनने कापलेल्या चिऱ्यावर गोल पात्याच्या कमानी उमटतात, एकीमागे एक, पाण्यात दगड टाकल्यावर उठतात तशा. इथे कमानीच कमानी. म्हणजे साहेब १८९० ला येताना डिझेलवरचं चिरे कापायचं मशीन घेऊन आला असला पाहिजे. बांधा ना नवीन, कोण नको म्हणतंय, पण नव्याला नवं म्हणा.

आणि त्या चिऱ्यावर त्यांनी काय केलंय तर सिमेंटचा गिलावा, त्यावर पिवळसर रंगाच्या टाइल्स, इंग्लंडमधल्या चुनखडीच्या दगडासारखं दिसावं म्हणून. जांभा खाणीतून काढतात तेव्हा मऊ असतो, हवा लागली की घट्ट होत जातो, भोकंभोकं असतात म्हणून पाणी पितो आणि ऊन पडलं की सोडूनही देतो. त्याला बाहेरून सिमेंट आणि टाइलने बंद केलंत तर पाणी कुठून तरी आत जाणारच आणि मग बाहेर यायला वाट नाही. आत आमच्या खोलीत पलंगामागची भिंत पापुद्रे सुटून मिठासारखी पांढरी फुलली होती, त्यावर त्यांनी घोड्यावर बसून चाललेल्या शिकारीचं चित्र लावलेलं. गंमत म्हणजे हार्डविकचा दगड कुठून आला, तर त्याच टेकडीच्या उतारावरून, मालकिणीच्या स्वतःच्या खाणीतून. पायाखालचा दगड काढला आणि डोक्यावर चढवला. अस्सल इंग्लिश अनुभव द्यायचा तर इथे चिरा उघडा ठेवायचा होता, तो जास्त इंग्लिश झाला असता!

आता खिडक्या. इथे मी जरा लांबण लावणार आहे, ज्यांना फक्त जेवणाचं वाचायचंय त्यांनी खाली जा.

हार्डविक हॉल बांधला बेस ऑफ हार्डविकने, म्हणजे एलिझाबेथ, श्रूजबरीची काउंटेस. साध्या जमीनदाराच्या घरातली पोर, चार लग्नं झाली आणि प्रत्येक नवऱ्यागणिक ती आधीपेक्षा श्रीमंत होत गेली. चौथा नवरा १५९० ला गेला आणि त्याच वर्षी हिने नवीन घराचा पाया घातला, शेजारी एका मोठ्या घराचं बांधकाम चालू असताना! १५९७ ला राहायला गेली तेव्हा बाई सत्तरीच्या आसपास. नकाशाचं श्रेय रॉबर्ट स्मिथसन ह्या त्या काळच्या वास्तुकाराला देतात. सहा बुरूज, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर दगडात कोरलेली तिची आद्याक्षरं, ई आणि एस, कित्येक मैलांवरून वाचता येतील अशी. आपल्याकडे ट्रकच्या मागे नाव लिहितात ना, तसं पण दगडात. लोकांनी म्हणच पाडली, 'हार्डविक हॉल, मोअर ग्लास दॅन वॉल', भिंतीपेक्षा काचच जास्त. आणि खरंच, खालच्या मजल्याच्या खिडक्या लहान, मधल्याच्या मोठ्या, सगळ्यात वरच्या तर भिंतच नाही असं वाटावं इतक्या उंच. कारण तळमजला नोकरांचा, मधला घरच्यांचा, आणि वरचा दरबारी, राणी आली तर तिच्यासाठी. राणी आलीच नाही ती गोष्ट वेगळी. बाहेरून नुसत्या खिडक्या बघून कुठल्या मजल्यावर कोणाचं बूड टेकतं ते कळतं.

मी तिथे विचार करत होते की एवढं उघडं केल्यावर घर उभं कशावर राहिलं. तर मधोमध एक जाड भिंत, घराचा कणा, आणि चिमण्या बऱ्याचशा त्या आतल्या भिंतीत. बाहेरची भिंत चिमणीच्या कामातून मोकळी झाली म्हणून तिला खिडक्यांची चैन परवडली. तरी काही ठिकाणी खिडकी आहे आणि आत नुसती भिंत नाहीतर चिमणीच, बाहेरून ओळ मोडू नये म्हणून केलेलं नाटक. म्हणजे बेसबाईसुद्धा खोटं बोलली, पण किती कमी आणि किती सफाईने.

आणि काच होती महाग. तेव्हा मोठी सलग काच करताच यायची नाही, तळहाताएवढे तुकडे शिशाच्या पट्ट्यांत बसवून तावदान करायचे. म्हणजे एवढी काच लावणं हा पैशाचा देखावा होताच, पण त्याला हवामानाची साथही होती. हार्डविक साधारण ५३ अक्षांशावर. डिसेंबरात भर दुपारी सूर्य क्षितिजाच्या जेमतेम तेरा-चौदा अंश वर येतो, आपल्याकडे एवढ्या उंचीवर असतो तेव्हा लोक संध्याकाळच्या चहाची भांडी घासत असतात. तिथे जो काय प्रकाश येईल तो पदर पसरून घ्यायचा. रत्नागिरी १७ अक्षांशावर, मेच्या दहा तारखेच्या आसपास सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो, सावली पायाखाली, आणि ऑगस्टच्या सुरुवातीला परत एकदा. आपण प्रकाश घ्यायचा नसतो, गाळायचा असतो. म्हणून ओटी, मग पडवी, मग माजघर, एकेक पायरीने उजेड कमी कमी करत न्यायचा, माजघरात शिरल्यावर डोळ्यांना थंड वाटतं ते उगाच नाही.

आणि ह्या स्टेमध्ये पश्चिमेला, समुद्राकडे, दहा फूट उंच काचा. वर पुढे आलेली कौलं नाहीत, छज्जा नाही, काही नाही, कारण छज्जा लावला तर म्हणे एलिव्हेशन, म्हणजे दर्शनी रूप, बिघडतं. दुपारी तीनला आमच्या खोलीत ऊन शिरलं ते पावणेसातला निघालं. एसी १८ वर, पंखा पाचवर, आणि हे पलंगावर बसून म्हणतात, अगं हे घर आहे की मत्स्यालय?

काचेवर बारीक शंकरपाळ्यांची जाळी होती, शिशाच्या पट्ट्यांसारखी. मी नखाने कोपरा उचकटला तर चिकटपट्टी. काळी चिकटपट्टी, आतून लावलेली, उन्हाने तिचा गोंद पाघळून खाली ओघळलेला. नंतर दोन दिवस माझ्या नखाला तो चिकटा होता.

एक खिडकी मात्र उघडणारी होती, सॅश विंडो म्हणतात ती, वर सरकवायची. ही मला फार आवडते. खऱ्या सॅशमध्ये चौकटीच्या आत पोकळी असते, त्यात दोरीला किंवा साखळीला लोखंडाची नाहीतर शिशाची वजनं टांगलेली, दोन्ही बाजूंची मिळून तावदानाएवढी. त्यामुळे तुम्ही एका बोटाने जिथे सोडाल तिथे खिडकी थांबते. विहिरीच्या रहाटाची अक्कल, चौकटीत लपवलेली. मी इथली खिडकी मोठ्या प्रेमाने वर सरकवली, सोडली, आणि ती धाडकन खाली. थोडक्यात बोटं वाचली. वजनं नाहीतच, नुसती खाच आहे. आवाज ऐकून केअरटेकर दादा धावत वर आले, म्हणाले, ताई ती तशी नाय ऱ्हायची, थांबा, आणि खाली जाऊन नारळाची एक अख्खी करवंटी घेऊन आले, पालथी घालून खिडकीखाली बसवली. घट्ट. म्हणाले, सगळ्या खोल्यांत हाय, तुमच्यातली कुणीतरी फेकून दिलान. साडेसात हजारांच्या खोलीत मला सर्वात जास्त आवडलेली वस्तू ही.

रात्री दहाला पाऊस आला. आता इथे आकडा सांगणं भाग आहे. हार्डविकच्या भागात वर्षाचा पाऊस एक हजार मिलिमीटरच्या आत, तोही बारा महिन्यांत रिपरिप वाटलेला. रत्नागिरीला तीन हजारांच्या वर, आणि जवळजवळ सगळा चार महिन्यांत. त्यांच्याकडे सपाट छप्पर आणि भोवती कठडा चालतो, छपरावर शिशाचे पत्रे अंथरलेले असतात, चिमणी जिथे छपरातून बाहेर पडते त्या सांध्यालाही शिशाची पट्टी ठोकून बसवतात, शिसं मऊ म्हणून अंगासरशी बसतं. तरीही ह्या घरांच्या मालकांचं अर्धं आयुष्य छपराच्या दुरुस्तीत जातं. इथे पॅरापेटच्या मागे पाणी तुंबलं, कारण पाणी जायच्या भोकाला आंब्याची पानं अडकली, आणि रात्री साडेअकराला आमच्या खोलीतल्या फायरप्लेसमधून पाणी यायला लागलं. फायरप्लेस म्हणजे आत एलईडीच्या ज्वाळा, रिमोटवर. ज्वाळा चालू आणि वरून पाणी, हे दृश्य मी जन्मात विसरणार नाही. आमचे हे आधी प्लग काढायला धावले, मग फोटो काढायला.

दादांनी बादली आणली, मग दुसरी, मग म्हणाले, ताई खाली चला, हितं काय झोप येयाची नाय तुम्हास. आणि आम्हाला मागच्या बाजूला नेलं.

मागे काय आहे तर मालकाच्या चुलत्यांचं जुनं घर, म्हणजे हे सगळं उभं राहायच्या आधीचं. ते पाडायचं होतं पण स्वयंपाकघर आणि स्टाफ कुठे ठेवायचा म्हणून राहिलं. साधं चौसोपीही नाही, दोन खण, मंगलोरी कौलं, हाताने काढलेल्या चिऱ्याची उघडी भिंत, पुढेमागे पडवी. मागच्या पडवीत एक खोली आहे, त्यात दोन खाटा, मच्छरदाणी, आणि शेणाने सारवलेली जमीन. कौलांचा उतार असा की पावळीची धार भिंतीपासून हातभर लांब पडत होती, पागोळ्यांची एक सरळ रेघ, जमिनीत तिने आपली आपणच पन्हळ पाडलेली. वर नारळाच्या झावळ्यांचे झाप बांधले होते झडीसाठी. आत एक थेंब नाही. पंखाही लागला नाही. हे दहा मिनिटांत घोरायला लागले.

मला झोप येईना म्हणून मी पडवीत येरझाऱ्या घालत होते, रात्रीचा एक वाजला असेल, आणि मला हार्डविकची लाँग गॅलरी आठवली. सगळ्यात वरच्या मजल्यावर, घराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, दीडशे फुटांहून लांब. भिंतींवर तिथे बायबलमधल्या गिडियनच्या गोष्टीचे मोठमोठे विणलेले पडदे आहेत, बेसने दुसऱ्याच्या इस्टेटीतून विकत घेतलेले, आधीच्या मालकाची चिन्हं झाकून त्यावर आपली चिन्हं बसवावी लागली आणि त्या खर्चाचे पैसे तिने किमतीतून कापून घेतले. (बाई आमच्या मंगळवारच्या बाजारात शोभली असती.) एवढ्या लांब खोल्या कशाला बांधायचे, तर बाहेर पाऊस नाहीतर बर्फ असला की बायकापुरुषांनी आत फेऱ्या मारायच्या, पाय मोकळे करायचे, गप्पा मारायच्या. म्हणजे पडवीच की. फक्त त्यांची पडवी थंडीला बाहेर ठेवून वर चढली आणि काचेने बंद झाली, आपली खाली उतरली आणि तीन बाजूंनी उघडी राहिली. मी त्या गॅलरीत मे महिन्यात स्वेटर घालून हिंडले होते, आणि पडदे उन्हाने विटू नयेत म्हणून आता खिडक्यांचे ब्लाइंड्स खाली ओढलेले होते, एवढ्या काचेच्या घरात आम्ही अंधारात चाचपडत होतो. इथे पडवीत कंदिलाएवढ्या बल्बच्या उजेडात मला प्रत्येक पागोळी दिसत होती.

जेवणाचं. संध्याकाळी चारला 'हाय टी' मिळाला, स्कोन आणि जॅम. स्कोन म्हणजे नानकटाई आणि पाव ह्यांच्या भांडणात जे उरेल ते. बाय द वे, हाय टी म्हणजे उच्चभ्रूंचा चहा नव्हे, तो कामगारांचा संध्याकाळचा पोटभरीचा जेवण-चहा असायचा, बड्या लोकांचा तो आफ्टरनून टी, पण हे मुंबईच्या पंचतारांकित हॉटेलांनाही कोणी सांगत नाही तर ह्यांना काय सांगायचं. रात्रीचं जेवण गार आलं. ह्यात मात्र त्यांनी नकळत अस्सलपणा आणलाय, कारण त्या मोठ्या घरांत स्वयंपाकघर आगीच्या भीतीने आणि वासामुळे लांब ठेवायचे आणि सूप टेबलावर येईपर्यंत कोमट व्हायचं. तिथे निदान नोकरांसाठी वेगळा मागचा जिना असायचा. इथे तो नाही, त्यामुळे ट्रे घेतलेला पोरगा आणि पाहुणे एकाच अरुंद जिन्यावर, कोण मागे सरणार ते ठरेपर्यंत मासे गार.

सकाळचा इंग्लिश ब्रेकफास्ट डब्यातल्या बीन्सचा होता, त्यावर लिहिण्यासारखं नाही. पण मागच्या पडवीत दादांच्या घरच्या वहिनींनी आम्हाला आधीच, सातला, घावने आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं वाढलं होतं, वर नारळाच्या रसात बुडवलेला एक घावना गोड म्हणून. पैसे घेईनात. ह्यांनी शेवटी त्यांच्या नातवाच्या हातात दिले.

लॉनबद्दल एक तक्रार गाईंच्या वतीने. पुढे हिरवंगार लॉन आहे आणि त्यावर गुरं येऊ नयेत म्हणून विजेची तार. इंग्लिश घरांनी ह्यावर काय सुंदर तोड काढली होती, हा-हा म्हणतात तिला, हसू नका, खरंच नाव आहे. लॉनच्या टोकाला खोल चर खणायचा, घराकडची बाजू उभी, दगडाने बांधलेली, पलीकडची बाजू उतरती. घरातून बघाल तर कुंपण दिसतच नाही, गवत सलग लांबवर जातं आणि गुरं जणू आपल्याच अंगणात चरतायत, पण वर चढू शकत नाहीत. खणायला चिरा, बांधायला चिरा, इथे तर दगडी गडगे घालणारी माणसं घरोघरी आहेत. चार दिवसांत झालं असतं.

परत येताना मी ह्यांना मुद्दाम थिबा पॅलेसवरून गाडी घ्यायला लावली, किती वर्षांत आत गेले नव्हते. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८६ मध्ये रत्नागिरीला आणून ठेवलं आणि हा राजवाडा बांधून झाला १९१० ला, बिचारा १९१६ ला इथेच गेला, म्हणजे धड सहा वर्षं राहिला त्यात. बांधणारं सरकार इंग्रज, राहणारा ब्रह्मी, आणि छप्पर बघा, उतरतं, कौलारू. खिडक्यांवर अर्धगोल लाकडी कोरीवकाम आहे, उजेड त्यातून चाळणीतून पडावा तसा पडतो. म्हणजे साहेबाला इथे बांधताना अक्कल होती, त्याने डर्बीशायर उचलून आणलं नाही. शंभर वर्षांनी आपल्याच माणसाला ते आणायची हौस आली.

मालकांचा फोन आला होता नंतर, खोलीचे अर्धे पैसे परत केले, न मागता. हे लिहिलंच पाहिजे. मी त्यांना म्हटलं, पश्चिमेच्या काचांवर चार फूट पुढे कौलं उतरवा, पोर्टिकोच्या आत एक बुटका पोर्च घ्या, पॅरापेटची भोकं मेअखेरीस साफ करा आणि चिऱ्यावरच्या टाइल्स जिथे पडतायत तिथे पडू द्या. ते म्हणाले बघतो मॅडम, पण गेस्टना फोटोला फ्रंट लागतो. तेही खरंच असणार, आम्ही होतो तेव्हाच पुण्याचं एक जोडपं प्रीवेडिंग शूट करत होतं आणि फोटोत ते घर खरोखर इंग्लंडमधलं दिसत होतं, मुलीचा मेकअप तेवढा दर दहा मिनिटांनी पुसावा लागत होता.

जाणार असाल तर नोव्हेंबर ते जानेवारीत जा, तेव्हा काचेतून सूर्यास्त सुरेख दिसत असेल. पावसाळ्यात जायचं झालं तर बुकिंग करताना मागची पडवीतली खोली मागा. वेबसाईटवर ती दिसणार नाही, 'स्टाफ' म्हणून लॉक केलेली असते, फोनवर दादांशी बोला. आणि पुढची खोलीच घेतलीत तर आत शिरल्या शिरल्या आधी खिडकीखालची करवंटी आहे ना ते बघून घ्या.